पहिल्या सुईला ताप आला, पुढची द्यायची का?

"ताई, दीड महिन्याच्या सुईला बाळ तापानं फणफणलं. मग पुढच्या राहूनच गेल्या. आता देऊन उपयोग आहे का?"

समुपदेशनात हा प्रश्न मला नेहमी ऐकायला मिळतो, तोही बहुतेक वेळा आवाज खाली करून. 'लस दिली नाही' म्हटलं की समोरचा आधी ओरडणार, हे या बायकांनी गृहीतच धरलेलं असतं. आणि बऱ्याचदा ओरडतातही.

विटाव्याच्या एका चाळीत राहणारी सुनंदा (नाव बदललं आहे) माझ्याकडे लसीसाठी आलीच नव्हती. सासूशी रोजचे खटके उडत होते, झोप नव्हती. बोलता बोलता म्हणाली, "पोरगी दहा महिन्यांची झाली, पण आई अजून त्या सुईवरून बोलतात." मी कार्ड आहे का विचारलं. रेशनकार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं माता बाल संरक्षण कार्ड तिनं काढून दिलं. जन्माच्या वेळचे बीसीजी (क्षयाची लस), पोलिओ आणि हिपॅटायटिस बी दिलेले होते. दीड महिन्याच्या रकान्यातही तारखा होत्या. त्याखाली पेनानं लिहिलेली पुढची तारीख, आणि मग सगळं कोरं.

त्या दीड महिन्याच्या दिवशी पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस होता. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी (कावीळ) आणि हिब (न्यूमोनिया, मेंदूज्वर आणणारा जंतू) या पाचांवरची ही एकच लस. यातल्या डांग्या खोकल्याच्या भागामुळे ताप येणं नेहमीचं आहे. पण हे सुनंदाला कुणी सांगितलं नव्हतं. गर्दीत सुई टोचली आणि 'पुढचा' म्हणून हाक गेली. नवरा रबाळ्याच्या एमआयडीसीत कंत्राटावर, त्या आठवड्यात रातपाळीला. घरात दोघीच. मांडीवर लालसर गाठ आली, सासूबाईंनी त्यावर गरम हळदीचा लेप लावला, पोर आणखीच कळवळलं. "हसतंखेळतं लेकरू नेऊन आजारी पाडलंस," हे वाक्य त्या रात्रीचं. ते अजून घरात फिरतंय.

पुढच्या वेळी सासूबाईंनाही आणायला सांगितलं. घटसर्प म्हणजे काय ते समजावून सांगावं लागेल, अशा तयारीत मी होते. तशी वेळच आली नाही. त्यांच्या लहानपणी गावात गळा धरून गेलेली मुलं त्यांनी पाहिली होती. मला पुस्तकातून माहीत असलेलं त्यांना डोळ्यांदेखत माहीत होतं. मी विचारलं, "मावशी, मग राग कशाचा?" त्या म्हणाल्या, "आधी सांगितलं असतं ताप येईल म्हणून, तर औषध आणून ठेवलं असतं. आम्हाला वाटलं, पोर हातचं जातंय."

अशा घरांना आपण सरसकट 'अडाणी', 'लसविरोधी' म्हणून मोकळे होतो. मला ते पटत नाही. इथं विरोध नव्हताच. एक वाईट रात्र होती, आणि नंतर गाडी रुळावर यायला कुणी मदत केली नाही. ताप उतरल्यावर सुनंदा स्वतःच पुढच्या डोसला न्यायला तयार झाली होती, पण तेवढ्यात माहेरी जाणं झालं आणि कार्ड इकडेच राहिलं. परतल्यावर केंद्रात गेली तर "इतके दिवस कुठे होतीस?" पल्स पोलिओच्या रविवारी थेंब पाजले जातात, करंगळीला शाई लागते, त्यामुळे घरच्यांना लसीकरण चालूच आहे असं वाटत राहिलं. ते थेंब पोलिओपुरतेच, बाकीच्या लसींची जागा ते घेत नाहीत.

नऊ महिने झाल्यावर ती गोवर-रुबेलासाठी पुन्हा गेली. "आज मुलं कमी आहेत, पुढच्या वारी ये," असं ऐकून परतली. एका कुपीत बऱ्याच मुलांचे डोस असतात. ही कुपी एकदा विरघळवली की चार तासांत वापरावी लागते, उरलेली फेकावी लागते, म्हणून कर्मचारी पुरेशी मुलं जमायची वाट पाहतात. खरं तर एकाच मुलासाठीही कुपी फोडायची असते. तशी मागणी आईनं करावी. पण नवऱ्याचा खाडा पाडून आलेली, आधीच ओरडा खाल्लेली बाई काय मागणी करणार! 2022 च्या शेवटी मुंबई-भिवंडीत गोवराची साथ पसरली, तेव्हाही लस न मिळालेली किंवा अर्धवट राहिलेली मुलं मोठ्या संख्येनं सापडली होती.

त्या दोघींना मी सांगितलं ते असं. उशीर झाला म्हणून आधी दिलेला डोस वाया जात नाही आणि पहिल्यापासून सुरुवातही करावी लागत नाही. जिथं थांबलं तिथून पुढे चालू करायचं. पेंटाच्या दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत. गोवर-रुबेला आणि पेंटा एकाच दिवशी वेगवेगळ्या जागी देता येतात. साधी सर्दी असली तरी लस चुकवू नये. सुईच्या जागी लेप, तेल, शेक काही नको, चोळायचंही नाही. फार दुखत असेल तर स्वच्छ ओलं गार फडकं ठेवावं. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते बाळाच्या वजनावर ठरतं, तेव्हा ते केंद्रातच विचारून घ्यायचं. ताप साधारण एक-दोन दिवसांत उतरतो. मात्र झटके आले, बाळ गळून गेलं किंवा तीन तासांहून जास्त वेळ न थांबता रडत राहिलं, तर घरी वाट न पाहता डॉक्टरकडे न्यायचं, आणि पुढच्या डोसआधी हे आठवणीनं सांगायचं. मागच्या खेपेला असं काही झालं होतं का, हे मी खोदून विचारलं. नव्हतं झालं.

केंद्रातल्या सिस्टरांना मी आधी फोन केला, एवढंच. सासूबाई सोबत गेल्या. त्या रात्री ताप आलाच, पण घड्याळ बघून औषध देण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. "मी सांगते कधी द्यायचं ते," असा सुनेवर रुबाबही केला म्हणे.

पेंटाचा तिसरा डोसही आता झाला. उरलाय सोळा ते चोवीस महिन्यांमधला, गोवर-रुबेलाचा दुसरा आणि डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, म्हणजे जोर टिकवणारा पुढचा डोस. हा सगळ्यात जास्त विसरला जातो, कारण मूल चालायला लागलेलं असतं आणि कार्ड कपाटात गेलेलं असतं. सुनंदाच्या नवऱ्यानं तो महिना मोबाईलमध्ये टाकून ठेवलाय. लसीकरणाचा वार बुधवार, म्हणून त्या आठवड्यात दुसऱ्याशी पाळी बदलून घ्यायचं त्यानं मुकादमाला आत्ताच सांगून ठेवलंय.