मागचा बोळ कशासाठी?

प्रश्न: माझी मुलगी मँचेस्टरला सव्वाशे वर्षं जुन्या लाल विटांच्या घरात भाड्याने राहते. अख्खी गल्ली एकसारखी, भिंतीला भिंत चिकटलेली. तरी मागे छोटं अंगण आणि त्याच्या पलीकडे बोळ. एवढी जागा वाचवायची होती तर बोळ कशाला सोडला? आणि भिंतींना ओल का येते? – एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, तुम्ही नेमकं बोळाबद्दल विचारलंत याचा फार आनंद झाला, कारण त्या घराची सगळी गोष्ट तिथेच आहे. तेव्हा कामगारांच्या घरात संडास अंगणाच्या टोकाला असायचा, आणि मैला नि शेगडीतली राख न्यायला माणसं मागून यायची, बोळ नसता तर ती बादली स्वयंपाकघरातून, पुढच्या खोलीतून रस्त्यावर न्यावी लागली असती. मुलीला म्हणावं, अंगणाच्या भिंतीत खाली विटांनी बुजवलेला छोटा चौकोन दिसतो का बघ. असला तर बहुतेक तिथूनच बादली बाहेर ओढायचे.

त्याआधी तर पाठीला पाठ लावलेली घरं बांधायचे, तीन बाजूंना शेजारी, मागे खिडकीच नाही, हवा-उजेड जो काय तो पुढून, आणि संडास कितीतरी कुटुंबांत मिळून एक. बर्मिंगहॅमला अशा घरांचा एक चौक नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने राखलाय, मुलीने नक्की बघावा. मग 1875 चा सार्वजनिक आरोग्य कायदा आला, 1877 मध्ये गावांनी आपले बांधकामाचे नियम ज्यावरून करावेत असे नमुना नियम आले, आणि नवीन रस्ता 36 फूट रुंद हवा, घरामागे मोकळी जागा हवी असं गावोगावच्या नियमांत आलं. त्या एकसारख्या रांगा बऱ्याचशा या नियमांतूनच आल्या. पाठीला पाठ घरांवर 1909 मध्ये बंदी आली तरी लीड्समध्ये ती 1937 पर्यंत बांधत होते, हे वाचून मला खरंच वाईट वाटतं.

चिकटून का, तर सामाईक भिंतीत विटा वाचतात, जमीन कमी लागते, शेजारच्या शेगडीची ऊबही मिळते.

आता ओल. या भिंती बहुतेक 9 इंची भरीव असतात, मध्ये पोकळी नाही, आणि विटा चुन्यात बसवलेल्या, म्हणजे पाणी आत शिरतं तसं वाळूनही जातं. नंतर कुणी सिमेंटचा गिलावा मारला की ते अडकून बसतं. आधी पन्हळ गळते का बघा, मग बाहेरच्या भिंतीत खाली हवा खेळायला भोकांची वीट असते ती मातीने किंवा फरशीने बुजली नाहीये ना ते बघा. घरमालक दुरुस्ती काढणार असेल तर चुन्याचाच गिलावा करून मागा.