तलावपाळीच्या फेऱ्या पुरेशा आहेत का?

प्रश्न : मी ६३ वर्षांचा, बँकेतून निवृत्त झालेला, ठाण्याच्या नौपाड्यात राहणारा वाचक आहे. सकाळी अर्धा तास तलावपाळीला फेऱ्या मारतो आणि बाजारहाट पायीच करतो. घोडबंदर रोडला राहणारे मुलगा-सून रोज जिमला जातात, रविवारी येऊरला धावतात आणि घड्याळात दहा हजार पावले भरली नाहीत तर अस्वस्थ होतात. माझे चालणे त्यांच्या लेखी व्यायामच नव्हे. पत्नी मात्र म्हणते, की दिवसभर घरकाम करणाऱ्याला निराळा व्यायाम हवाच कशाला? बरोबर कोणाचे?

उत्तर : आपल्या अवतीभोवतीची माणसे जेवढी हालचाल करतात तेवढीच आपल्याला स्वाभाविक वाटते, त्यामुळे आपल्या घरातला हा मतभेद मला मुळीच नवलाचा वाटत नाही. दहा हजारांच्या आकड्याचा धसका मात्र आपण घेऊ नये. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विक्रीला आले आणि त्याच्यासोबत हा आकडा रूढ झाला. तो कोणत्याही वैद्यकीय संशोधनातून निघालेला नव्हता. वयस्क स्त्रियांविषयीच्या २०१९ मधील एका अमेरिकी अभ्यासात रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्येही, जेमतेम २,७०० चालणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले आणि साधारण ७,५०० पावलांनंतर त्यात आणखी फरक दिसला नाही.

पत्नीचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नये. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना, बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो, हे १९५३ सालीच प्रसिद्ध झाले होते आणि त्या कंडक्टरांपैकी कोणी व्यायाम म्हणून ते जिने चढत नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत, सलग दहा मिनिटे केलेलीच हालचाल मोजावी, ही जुनी अट काढून टाकली. तरीही ओट्यापाशी तासभर उभे राहणे आणि फरशी पुसणे यांत अंतर आहे. ज्या कामाने श्वास थोडा वाढतो, तेच हिशेबात धरावे. धुण्याभांड्यांना बाई असेल, तर हा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

त्याच सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. आपला रोजचा अर्धा तास या मर्यादेत सहज बसतो, फक्त चाल अशी हवी की बोलता यावे, पण गाता येऊ नये. संध्याकाळच्या गर्दीत भेळ खात मारलेली फेरी यात धरू नये! मुलाचा व्यायाम उत्तमच आहे. पण जिमचा एक तास वगळता उरलेला दिवस खुर्चीत आणि घोडबंदरच्या कोंडीत गाडीत बसून जात असेल, तर त्यालाही मधूनमधून उठायला सांगावे.

उणीव आहे ती स्नायूंच्या व्यायामाची. चालण्याने तो पुरेसा होत नाही आणि आठवड्यातून किमान दोन दिवस त्याची शिफारस आहे. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे व्यायामही तीन दिवस हवेत. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे आणि भिंतीला टेकून टाचा उचलणे, इतके आपण दोघांनी घरीच सुरू करावे. वजने उचलायची झाल्यास पद्धत मुलाकडून शिकावी; मात्र छातीत दडपण येत असेल किंवा चालताना चक्कर येत असेल, तर त्याआधी डॉक्टरांना दाखवावे.