लेक फुकटात पॅकेज सांभाळतेय, करू द्यावं का?

नमस्कार दादा, पत्र वाचलं. मुलगी थर्ड इयर कॉम्प्युटरला, एका छोट्या पायथन पॅकेजच्या (इतर प्रोग्रॅमर फुकट वापरतात असा तयार कोड) रीडमीत, म्हणजे माहितीच्या पानावर, "मेंटेनर हवेत" (म्हणजे कोड सांभाळणारे) वाचून मदतीला गेलीय, रात्री दोन-दोनपर्यंत बसते, पैसे शून्य, आणि तुमच्या मते ह्या सगळ्या लष्करच्या भाकऱ्या. प्लेसमेंट तोंडावर आहे त्यामुळे काळजी समजू शकते, पण थांबवू नका, ती नक्की काय करतेय ते आधी बघा.

कारण ओपन सोर्सच्या, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडच्या, नावाखाली पोरं काहीही करतात. 2024 च्या सुरुवातीला एक्सप्रेस जेएस ह्या प्रसिद्ध वेब फ्रेमवर्कवर पुल रिक्वेस्टचा (कोडमध्ये बदल घ्या अशा विनंत्यांचा) नुसता पाऊस, आणि आत काय तर रीडमीत स्वतःचं नाव, का तर एका व्हिडिओत तसं दाखवलं होतं! असलं काही असेल तर रेझ्युमेत न टाकलेलंच बरं.

खरं काम रटाळ असतं. कोणीतरी फक्त "चालत नाही" लिहून जातो, मग व्हर्जन विचारा, पूर्ण एरर मागा, आपल्या लॅपटॉपवर तोच बग परत घडवून बघा, आधी कोणी नोंदवलाय का शोधा, मग टेस्ट लिहा. उदाहरणार्थ फाईल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) दिलं नसेल तर बऱ्याच पायथन व्हर्जन्समध्ये विंडोजवर यूटीएफ-8 ही देवनागरी चालणारी पद्धत धरली जात नाही, देवनागरी मजकूर वाचताना एरर येते नाहीतर कचरा दिसतो, आणि मॅकवाला म्हणतो माझ्याकडे तर नीट चालतंय. असे चार बग तिने शेवटपर्यंत नेले असतील तर इंटरव्ह्यूला अर्धा तास बोलू शकेल. अर्थात त्याआधीच्या ॲप्टिट्यूड राउंडला ह्याचा काडीचा उपयोग नाही, तो अभ्यास वेगळा करावाच लागेल. म्हणून शनिवार-रविवार आणि मध्ये एखादी संध्याकाळ, बास, आणि परीक्षेच्या महिन्यात मी नसेन हे तिने पॅकेजच्या मालकाला आत्ताच लिहून टाकावं.

रिलीजचे (नवं व्हर्जन बाहेर काढायचे) हक्क मिळत नाहीत म्हणून ती नाराज आहे म्हणालात. अहो, एक्सझेड ह्या लिनक्समधल्या फाईल दाबायच्या टूलच्या प्रकरणानंतर लोक घाबरलेत. जिया टॅन नावाने कोणीतरी दोन-अडीच वर्षं मनापासून मदत केली, दमलेल्या मेंटेनरने हक्क दिले आणि 2024 मध्ये 5.6.0 व 5.6.1 व्हर्जनमध्ये त्याच जिया टॅनने घातलेलं बॅकडोअर (लपवलेला चोरदरवाजा) निघालं, तेही आंद्रेस फ्रॉइंड ह्या प्रोग्रॅमरला एसएसएच (दूरच्या कॉम्प्युटरवरचं) लॉगिन अर्धा सेकंद स्लो वाटलं म्हणून. तेव्हा उशीर हा अपमान नाही. उलट उद्या मालक म्हणाला की घे सगळं, मी चाललो, तर एकटीने हो म्हणू नये, दुसरा माणूस मागावा.

पैशाचं म्हणाल तर गूगल समर ऑफ कोड ह्या ओपन सोर्स कामाच्या कार्यक्रमात स्टायपेंड मिळतो, अर्ज साधारण मार्च-एप्रिलच्या सुमारास. मेंटॉर ओळखीच्या कॉन्ट्रिब्युटरकडे आधी बघतात. तिचं पॅकेज त्यात नसणारच, पण ते ज्या मोठ्या लायब्ररीवर उभंय ती असू शकते, तिथले एक-दोन बग तिने आत्तापासून हातात घ्यावेत.