अमेरिकेत ब्लॅक ट्रान्सजेंडर लोकांसाठी नेमकं कोण काम करतं, आणि ‘हीलिंग’ म्हणजे ते करतात तरी काय?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) असाइनमेंटसाठी हवंय, बातम्यांत मोर्चे नाहीतर खून एवढंच दिसतं, रोजचं काम काय चालतं ते कुठे सापडत नाही, आणि ‘ब्लॅक’ असं वेगळं काढायची गरज काय, सगळ्याच ट्रान्स लोकांचा प्रश्न एक नाही का. मी अटलांटाजवळ राहते, एचआयव्हीच्या एका क्लिनिकमध्ये केस मॅनेजर आहे, म्हणून यातलं काही रोज डोळ्यासमोर असतं, बाकीचं वाचलेलं-ऐकलेलं. उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

आधी ‘वेगळं कशाला’ हे घेते, ते कळलं की पुढचं सोपं जातं. सीडीसीने, म्हणजे इथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, २०१९-२० मध्ये सात मोठ्या शहरांत ट्रान्स बायकांची पाहणी केली, अटलांटाही त्यात होतं. एचआयव्हीचं प्रमाण गोऱ्या ट्रान्स बायकांत १७ टक्के निघालं आणि ब्लॅक ट्रान्स बायकांत ६२ टक्के. शहरं तीच, औषधं तीच. मग एवढा फरक येतो कुठून, तर घर, नोकरी, पोलीस, तुरुंग, दवाखान्यात मिळणारी वागणूक, हे सगळं एकावर एक चढत जातं. २०१५ च्या देशभरच्या ट्रान्स सर्व्हेत ब्लॅक लोकांपैकी ४२ टक्के जणांनी सांगितलं की आयुष्यात कधी ना कधी आम्ही बेघर होतो. आपल्याकडे ग्रेस बानू तमिळनाडूत किती वर्षं सांगताहेत की ट्रान्स म्हणून एकच कप्पा करून आमची जात पुसू नका, दलित ट्रान्स व्यक्तीला दोन्हीचे चटके बसतात. इथे जातीच्या जागी वंश ठेवा, मुद्दा तोच आहे.

दवाखान्यावर विश्वास का नाही, यासाठी टायरा हंटरचं प्रकरण वाचाच. ऑगस्ट १९९५, वॉशिंग्टन डीसी. गाडीचा अपघात झाला, मदतीला आलेल्या अग्निशमन दलाच्या माणसाने उपचारासाठी तिचे कपडे कापले, शरीर बघितलं आणि हात मागे घेतला, वर शेरेबाजी केली. पुढे ती हॉस्पिटलात वारली. तिच्या आईने शहरावर केस केली आणि १९९८ मध्ये ज्युरीने २८ लाख डॉलरच्या वर भरपाई मंजूर केली. पोर काही परत आली नाही. आमच्याकडे येणाऱ्या वयस्कर बायकांना ही केस नावानिशी माहिती असते.

आता क्लिनिकमध्ये काय होतं ते सांगते. इन्शुरन्स कार्डावर जुनं नाव असतं, काउंटरवरून कुणीतरी ते भरल्या वेटिंग रूममध्ये मोठ्याने पुकारतं. समोर बसलेली बाई उठत नाही. मोबाइलमध्ये बघत राहते, पर्स काखेत घेते आणि थोड्या वेळाने सरळ दारातून बाहेर पडते. तिच्या गोळ्या संपलेल्या असतात तरी जाते. अशा वेळी तिला परत आणते ती आमची पिअर नॅव्हिगेटर, म्हणजे पेशंटच्याच समाजातली, त्यांना उपचारांची वाट दाखवणारी कर्मचारी; ती स्वतः ब्लॅक ट्रान्स बाई आहे. ती पार्किंगपर्यंत मागे जाते आणि औषधाचं नावच काढत नाही, आधी विचारते जेवलीस का, काल रात्री कुठे झोपलीस, फोन चार्ज आहे का. व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) वगैरे सगळं नंतर. मला डिग्री आहे, अनुभव आहे, तरी ते मला जमणार नाही, कारण माझ्याकडे बघून त्या बाईला ‘हिला कळेल’ असं वाटायचं काही कारणच नाही.

या क्षेत्रातली खरी मोठी माणसं हीलिंग आणि हक्कांची लढाई असे दोन विभाग करत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. जी बाई कोर्टात उभी राहते तीच घरी पलंग रिकामा ठेवते.

मार्शा पी. जॉन्सन हे नाव तुम्ही ऐकलं असेल, स्टोनवॉल, म्हणजे १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या त्या नावाच्या बारमध्ये पोलिसांच्या धाडीविरुद्ध झालेला उठाव, वगैरे. त्यांच्याबद्दल लोक फोटोतली डोक्यावरची फुलं लक्षात ठेवतात. पण १९७० मध्ये त्यांनी आणि सिल्व्हिया रिव्हेराने स्टार नावाची संघटना काढली आणि रस्त्यावरच्या पोरांना झोपायला जागा दिली, आधी एका उभ्या ट्रकच्या ट्रेलरमध्ये, मग न्यूयॉर्कच्या एका मोडक्या इमारतीत, आणि भाड्यासाठी या दोघी स्वतः रस्त्यावर धंद्याला उभ्या राहायच्या, पोरांवर ती वेळ येऊ नये म्हणून. १९९२ मध्ये मार्शांचा मृतदेह हडसन नदीत सापडला, पोलिसांनी आत्महत्या म्हणून फाइल बंद केली, मैत्रिणींनी ते कधीच मानलं नाही आणि २०१२ मध्ये ती केस पुन्हा उघडावी लागली. आज त्यांच्या नावाची संस्था एल मॉक्सली (आधीचं नाव एल हर्न्स) यांनी उभी केलीय.

पण मला सगळ्यात जास्त ज्यांच्याबद्दल सांगायचंय त्या म्हणजे मिस मेजर ग्रिफिन-ग्रेसी. शिकागोच्या. स्टोनवॉलच्या रात्री तिथे होत्या. नंतर दरोड्याच्या गुन्ह्यात तुरुंगात गेल्या आणि तिथे त्यांना फ्रँक ‘बिग ब्लॅक’ स्मिथ भेटले, १९७१ च्या अॅटिका तुरुंगातल्या उठावाचे पुढारी. त्या माणसाने त्यांना बाई म्हणून मानाने वागवलं आणि राजकारण शिकवलं, हे त्या शेवटपर्यंत सांगायच्या. एड्सची साथ आली तेव्हा आजाऱ्यांना हात लावायला नर्स घाबरायच्या, मिस मेजर ट्रान्स बायकांना सोबत घेऊन त्यांची अंघोळ-जेवण करायला गेल्या. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत ड्रग्ज घेणाऱ्यांना स्वच्छ सुया देणारी व्हॅन चालवली. मग २००५ पासून तुरुंगातल्या ट्रान्स लोकांसाठी काम करणाऱ्या टीजीआयजेपी या संस्थेत आल्या आणि ती चालवली.

या संस्थेचं एक काम मला फार भावतं, ते म्हणजे पत्रं. पुरुषांच्या तुरुंगात टाकलेली ट्रान्स बाई, बहुतेकदा ‘सुरक्षेसाठी’ म्हणून एकांत कोठडीत, घरच्यांनी तोडलेली. तिला बाहेरून पत्र येतं, पाकिटावर नियमाप्रमाणे जुनं नाव लिहावंच लागतं, पण आत मायना तिच्या खऱ्या नावाने असतो. पत्रात वकिलाचा पत्ता, हार्मोनसाठी अर्ज कसा करायचा, आणि बाकी सगळी विचारपूस. ही मदत कायद्याची की मनाची, तुम्हीच सांगा. आणि पत्र येतंय म्हणजे बाहेर कोणीतरी हिच्यावर लक्ष ठेवून आहे हे तुरुंगातल्या शिपायालाही कळतं, त्याने सुद्धा फरक पडतो.

मिस मेजरच्या हाताखाली तयार झालेल्या जनेटा जॉन्सन स्वतः तुरुंग भोगून आलेल्या, पुढे त्यांनी ही संस्था सांभाळली. त्यांनी, हनी महॉगनी आणि आरिया सईद यांनी मिळून २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टेंडरलॉइन भागात ट्रान्स सांस्कृतिक डिस्ट्रिक्ट मंजूर करून घेतला, असा जगातला पहिलाच. तिघीही ब्लॅक ट्रान्स बायका. त्याच भागातल्या कॉम्प्टन्स कॅफेटेरियात १९६६ मध्ये, म्हणजे स्टोनवॉलच्या तीन वर्षं आधी, ट्रान्स बायकांनी पोलिसांना तोंड दिलं होतं. मिस मेजर मात्र निवृत्तीनंतर अर्कान्सासच्या लिटल रॉकला गेल्या, आणि दक्षिणेतल्या थकलेल्या ट्रान्स कार्यकर्त्यांसाठी तिथे एक घर बांधलं. भाषणं नाहीत, वर्कशॉपची सक्ती नाही, या, झोपा, पोहायला उतरा, खा, बोलावंसं वाटलं तर बोला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या वारल्या. त्यांना ‘मामा’ (इंग्रजीतलं, म्हणजे आई) म्हणणारी माणसं देशभर आहेत.

हे ‘मामा’, ‘मदर’ प्रकरण तुम्हाला चटकन कळेल. ब्लॅक आणि लॅटिनो ट्रान्स लोकांत बॉलरूमची (नाच आणि पेहरावाच्या स्पर्धांची) ‘हाउसेस’ असतात, क्रिस्टल लाबेझाने न्यूयॉर्कमध्ये १९७२ च्या सुमारास पहिलं काढलं, घरातून हाकललेल्या पोरांना तिथली मदर सांभाळते, आपल्याकडच्या गुरू-चेल्यांच्या घरासारखंच बरंचसं. सरकारी योजना नव्हत्या तेव्हा हीच व्यवस्था होती, आणि आजच्या बऱ्याच संस्थांचं मूळ तिथे आहे.

आता जेवणाचं. ओक्रा प्रोजेक्ट नावाचा उपक्रम न्यूयॉर्कमध्ये इयान फील्ड्स स्टुअर्ट यांनी २०१८ च्या शेवटी सुरू केला. ओक्रा म्हणजे भेंडी, गुलाम करून आणलेल्या आफ्रिकन लोकांबरोबर ती अमेरिकेत आली असं मानतात, म्हणून नाव. सुरुवातीची पद्धत अशी की ब्लॅक ट्रान्स आचाऱ्याला पगार द्यायचा, त्याने ब्लॅक ट्रान्स माणसाच्या घरी जायचं, सामान घेऊन, आणि तिथल्या स्वयंपाकघरात गरम जेवण करून घालायचं. घरच नसेल तर दुसरीकडे शिजवून पोचवायचं. यात एकाला रोजगार मिळतो, दुसऱ्याला अन्न, आणि संध्याकाळभर घरात आपल्यातलं माणूस असतं, हे तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मे २०२० मध्ये मिसुरीत नीना पॉप यांचा खून झाला आणि त्याच महिन्यात फ्लोरिडात टोनी मॅकडेड पोलिसांच्या गोळीने गेले. ओक्रा प्रोजेक्टने त्या दोघांच्या नावाने फंड काढले, ब्लॅक ट्रान्स लोकांना ब्लॅक थेरपिस्टकडे जाता यावं म्हणून. त्यानंतर १४ जूनला ब्रुकलिन म्युझियमसमोर साधारण पंधरा हजार लोक पांढरे कपडे घालून जमले, लेखिका-कार्यकर्त्या राकेल विलिस आणि इयान दोघीही तिथे बोलल्या. बातमी त्या मोर्च्याची झाली, फंडाची फारशी झाली नाही.

घराच्या बाबतीत मेम्फिसच्या केयला गोर. २०१६ मध्ये त्यांनी आणि इलियाना वॉटशॉल यांनी माय सिस्टाज हाउस काढलं, सुरुवात स्वतःच्याच घरात बायकांना आसरा देऊन. मग २०२० मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे केले आणि छोटी छोटी घरं बांधायला घेतली, आणि हेतू असा की राहणारीला पुढे घराची मालकीण होता यावं, नुसतं शेल्टर नको. शेल्टरमध्ये संध्याकाळी रांग लावायची, सकाळी सामान उचलायचं, पुरुषांच्या विभागात ढकललं तर रात्रभर जागं राहायचं. कुलूप-किल्ली आपली असेल तर माणूस झोपतो, आणि झोपला तर गोळ्या वेळेवर घेतो, नोकरी टिकवतो, मी हे आमच्या केसेसमध्ये बघितलेलं आहे. याच केयला गोर टेनेसी राज्याविरुद्धच्या खटल्यात पहिल्या फिर्यादी होत्या, जन्मदाखल्यावरचं लिंग बदलू देत नाहीत म्हणून २०१९ मध्ये केस केली, २०२४ मध्ये अपील कोर्टात हरल्या. घरं बांधायचं काम सोडलं नाही. न्यूयॉर्कमध्ये सेयेन डोरोशो यांच्या ग्लिट्स या संस्थेने तर २०२० मध्ये दहा लाख डॉलरच्या वर जमवून क्वीन्समध्ये बारा फ्लॅटची अख्खी बिल्डिंगच घेतली.

आमच्या अटलांटात स्नॅपको आहे, टोनी-मिशेल विल्यम्स त्याच्या प्रमुख म्हणून ओळखल्या जातात. २०१३ मध्ये सेक्सवर्कच्या केस असलेल्यांना शहराच्या काही भागांतून हद्दपार करायचा प्रस्ताव आला होता, त्याच्या विरोधात ही संघटना उभी राहिली, प्रस्ताव बारगळला आणि पुढे अटकेऐवजी थेट मदतीकडे वळवायची योजना शहरात आली. टोनी-मिशेल स्वतः शरीराच्या अंगाने मनावर काम करायचं शिकलेल्या आहेत, म्हणजे श्वास, उभं राहणं, पोलीस समोर आला की छाती कशी आवळते ते ओळखून सोडवणं. वाचताना हे हवेतलं वाटेल, पण ज्यांना रस्त्यावर रोज अडवलं जातं त्यांच्यासाठी कौन्सिलसमोर तीन मिनिटं न थरथरता बोलता येणं हेच मोठं काम असतं.

ह्यूस्टनच्या मोनिका रॉबर्ट्सना विसरू नका. २००६ पासून त्यांनी ट्रान्सग्रिओ नावाचा ब्लॉग चालवला. खून झाला की पोलीस जुनं नाव आणि ‘पुरुष’ असं छापायला देतात, पेपर तेच उचलतात, आणि ट्रान्स बाई मेल्याची नोंदच होत नाही. मोनिका मैत्रिणींना फोन करून खरं नाव शोधायच्या, चांगला फोटो मिळवायच्या आणि मग पेपरवाल्यांच्या मागे लागायच्या. आज मृत्यूंची जी काही मोजदाद होते तिच्यामागे अशी मेहनत आहे. २०२० मध्ये त्या वारल्या. ट्रान्स पुरुषांसाठी डॅलसचे कार्टर ब्राउन बघा, २०११ मध्ये त्यांनी ब्लॅक ट्रान्समेन ही संस्था काढली, ट्रान्स असल्याचं कळल्यामुळे नोकरी जाण्याचा अनुभवही त्यांना आहे, त्यावर लिहिलं कमी गेलंय.

सध्या दिवस वाईट आहेत, लपवत नाही. जानेवारी २०२५ मध्ये फक्त दोनच लिंगं मानणारा राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला, फेब्रुवारीत स्टोनवॉल स्मारकाच्या सरकारी वेबसाइटवरून ट्रान्सजेंडर हा शब्दच काढला, निधीवर चालणाऱ्या संस्था धास्तावल्यात. लोकवर्गणीवर उभ्या असलेल्या छोट्या संस्थांना त्यामानाने श्वास घ्यायला थोडी जागा आहे.

असाइनमेंटसाठी एकच केस घ्यायची असेल तर मेम्फिस घ्या, त्यात कोर्ट, घर, पैसा सगळं एका जागी सापडेल आणि कोर्टाचे निकाल ऑनलाइन फुकट मिळतात. खून झालेल्या कुणाबद्दल लिहिणार असाल तर पोलिसांच्या प्रेसनोटमधलं नाव उचलू नका, २०२० पर्यंतची घटना असेल तर मोनिकांच्या ब्लॉगवर आधी शोधा. आणि तुमच्या कॉलेजजवळ ट्रान्स लोकांची संस्था असेल तर प्रश्नावली घेऊन जायच्या आधी त्यांना विचारा की तुम्हाला कशात मदत हवीय, बऱ्याचदा उत्तर आधार कार्डाच्या दुरुस्तीचं असतं. काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा, रात्री उशिरा उत्तर देईन, इथल्या वेळेमुळे.