खालचा सूर आधी वहीत उतरव

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझ्या मित्राच्या स्मरणासाठी तुम्ही सगळे मिळून गाणार, हे वाचून फार बरं वाटलं. एकेकाचं आवडतं गाणं आणि मधे भाषणं, असं काही करू नका. चारचौघांत मिसळून गाण्यात त्याला आनंद होता, तर त्याची आठवणही तशीच गायली जावी.

पहिलं काम आजच कर. तुझा मित्र वृंदात मुख्य चालीच्या खालचा सूर धरायचा. हौशी वृंदात ती ओळ सहसा कुठे लिहिलेली नसते, गाणाऱ्याच्या गळ्यातच असते. म्हणून सगळ्यांकडून तालमींची जुनी मोबाईल रेकॉर्डिंग मागव. जो त्याच्या शेजारी उभा राहायचा, त्याच्या फोनमध्ये त्याचा आवाज सगळ्यांत स्पष्ट सापडेल. ते ऐकत एकेक ओळ सरगममध्ये वहीत लिही.

जिथे ऐकू येत नाही तिथे (चालीतला सूर पहिला धरून) खालचा तिसरा सूर घालून भर, पण राग बघून. गाणं भूप रागातलं असेल तर गच्या खाली सा, पच्या खाली ग, साच्या खाली मंद्र (खालच्या सप्तकातला) ध सुरेख बसतात. पण त्याच हिशोबाने धच्या खाली म येतो आणि रेच्या खाली नी, आणि भूपात दोन्ही वर्ज्य. तिथे धला ग दे, रेला मंद्र ध. हे चुकलं की वरची चाल बरोबर असूनही गाणं भूपातलं वाटत नाही, आणि नेमकं काय खटकतंय ते पटकन कळत नाही.

त्याची ओळ रिकामी ठेवू या, असं कुणीतरी सुचवेलच. ऐकू नकोस. जे त्याने इतक्या प्रेमाने सांभाळलं, तेच मग ऐकू येणार नाही. ती ओळ दोघांना शिकव. एकाचा गळा दाटून आला तरी दुसरा धरून ठेवेल.

पट्टी, म्हणजे सा कुठे धरायचा ते, ठरवताना आधी गाण्यातला सगळ्यांत उंच सूर शोध. पुरुष एक सप्तक खाली गातील, त्यामुळे बायकांचा गळा बघायचा. गळा तयार नसेल तर वरच्या सप्तकातल्या पांढरी एकच्या (पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या) पलीकडे नेऊ नकोस. गाणं तार (वरच्या सप्तकातल्या) गपर्यंत जात असेल तर काळी चार घ्या. मंद्र पपासून तार सापर्यंतच असेल तर पांढरी एक. मात्र दोन्ही पट्ट्यांतली गाणी असतील तर तबलजींना दोन दायां (उजव्या हाताचे तबले) आणायला सांग. ठोकून तबला अर्धा-एक सूर हलतो, दोन सूर हलत नाही. पावसाळ्यात तर लावलेला तबलाही उतरतो. पेटीसोबत कीबोर्ड घेणार असाल तर दोन्हींचा सा आधी जुळवून बघ. जुनी पेटी बऱ्याचदा थोडी चढी किंवा उतरी असते.

दीड-दीड तासाच्या चार तालमी तरी हव्यात. ऐरोली-नेरुळहून ठाण्याला येणारे असतील तर रविवारची दुपार टाळ, ट्रान्सहार्बर लोकलवर मेगाब्लॉक लागला की निम्मे लोक अडकतात. सोसायटीच्या हॉलमध्ये टाइल्समुळे आवाज घुमतो आणि शब्द पुसले जातात. सतरंज्या अंथरा, खिडक्यांना जाड पडदे लावा. गच्चीवर आवाज उडून जातो, शिवाय रात्री दहानंतर स्पीकर चालत नाही.

तुमचे सोळा जण दोन रांगांत, अर्धवर्तुळात उभे करा. प्रत्येकाला हातात माइक नको, आवाज मिसळतच नाहीत. पहिल्या रांगेपासून तीन फुटांवर, डोक्याच्या किंचित वर, दोन कंडेन्सर माइक पुरतात. दोघांत नऊ फूट अंतर ठेवा. शब्दाच्या शेवटचा स किंवा श दोघा-तिघांनीच उच्चारावा, बाकीच्यांनी गिळावा. नाहीतर सोळा वेळा फुसफुस ऐकू येते.

रडू येणारच. ते तालमीत येऊ द्या, थांबा, पाणी प्या. कार्यक्रमात गळा दाटला तर जबरदस्तीने सूर काढायचा नाही, आवाज फाटतो. गाणं सोडून नाकाने संथ श्वास घ्यायचा आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला परत मिसळायचं. हे सगळ्यांना आधीच सांगून ठेव, म्हणजे थांबणाऱ्याला अपराधी वाटत नाही.

त्याचं रेकॉर्डिंग वाजवायचं असेल तर तुमचं गाणं झाल्यावर वाजवा. आधी वाजवलं तर त्यातली पट्टी कानात बसते आणि गळेही भरून येतात. आणि त्याच्या आईवडिलांना घरी जाऊन आधी विचार. भर हॉलमध्ये त्यांच्या कानावर तो आवाज अचानक पडता कामा नये.

तुझा,
काका