वाचकांचे प्रश्न : समितीचं मत आणि फझी लॉजिक

प्रश्न : चार जणांच्या समितीला पुरवठादार निवडायचा आहे. गुण द्यायला सांगितले की एकाचे सत्तर म्हणजे दुसऱ्याचे नव्वद! फझी लॉजिक इथे कसं वापरायचं?

उत्तर : गुण मागूच नका, शब्द मागा. वाईट, जेमतेम, साधारण, चांगला, उत्तम हे पाच पुरेत. फार शब्द दिले की शेजारच्या दोघांतला फरक कुणालाच सांगता येत नाही. प्रत्येक शब्दाला ० ते १०० च्या पट्टीवर तीन आकडे जोडा : खालची हद्द, नेमकी जागा, वरची हद्द. वाईट (०, ०, २५), जेमतेम (०, २५, ५०), साधारण (२५, ५०, ७५), चांगला (५०, ७५, १००), उत्तम (७५, १००, १००). हद्दी एकमेकींत शिरतात त्या मुद्दामच. ९० हा आकडा ‘चांगला’मध्ये ०.४ आणि ‘उत्तम’मध्ये ०.६ इतका बसतो (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे पूर्ण). फझी लॉजिक ज्यांवर उभं आहे त्या, संशोधक लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या फझी संचांचं मर्म हेच : एखादी गोष्ट गटात आहे किंवा नाही एवढंच नव्हे, तर ती अंशतःही बसू शकते.

चर्चेआधी प्रत्येकाने आपापले शब्द लिहून द्यावेत, नाहीतर पहिल्या बोलणाऱ्याचंच मत चार वेळा मोजलं जातं. मग प्रत्येक निकषावर खालच्या, मधल्या आणि वरच्या आकड्यांची वेगवेगळी सरासरी काढा, ती निकषाच्या वजनाने गुणा (सगळ्या वजनांची बेरीज १) आणि बेरीज करा. शेवटी तिन्ही आकड्यांची सरासरी काढली की क्रम लागतो. किंमत मात्र शब्दांत घालू नका. ती मुळात नेमकी आहे. सगळ्यांत कमी किंमत भागिले त्या पुरवठादाराची किंमत, गुणिले १००, आणि तोच आकडा तिन्ही जागी.

प्रश्न : एका पुरवठादाराच्या सेवेला दोघांनी ‘उत्तम’ म्हटलं, दोघांनी ‘वाईट’. सरासरी ५० आली. म्हणजे सेवा साधारण समजायची का?

उत्तर : अजिबात नाही. या पद्धतीतली खरी मेख इथेच आहे. तुमची सरासरी (३७.५, ५०, ६२.५). चौघांनीही ‘साधारण’ म्हटलं असतं तर (२५, ५०, ७५). मधला आकडा तोच, आणि भांडणाऱ्या समितीचा पट्टा (खालच्या हद्दीपासून वरच्या हद्दीपर्यंतचा) उलट अरुंद, जणू तिलाच जास्त खात्री! कारण पट्ट्याची रुंदी शब्दाचा सैलपणा दाखवते, मतभेद नाही.

मतभेद वेगळा मोजावा लागतो. प्रत्येक सदस्याचे तीन आकडे आणि सरासरीचे तीन आकडे यांतल्या फरकांचे वर्ग करा, त्यांची सरासरी काढा, मग वर्गमूळ. तुमच्याकडे चौघांचंही अंतर सुमारे ४२ येतं. पट्टीवर मधल्या दोन शेजारी शब्दांतलं अंतर २५ आहे, तेव्हा त्याहून जास्त अंतर आलं की तो निकष परत चर्चेला घ्या. बहुतेक वेळा दोघांनी ‘सेवा’ म्हणजे वेळेवर माल आणि दोघांनी तक्रारींची दखल धरलेली असते. निकष फोडून दोन करा आणि फक्त तेवढ्यापुरते शब्द पुन्हा घ्या.

प्रश्न : साहेबांच्या मताला जास्त वजन द्यावं का?

उत्तर : हुद्द्यापुरतं नको. तांत्रिक निकषावर इंजिनिअरला ०.४ आणि बाकी तिघांना प्रत्येकी ०.२ चालेल, पण ते कागद उघडण्याआधी ठरवा. वजनं मागाहून ठरली की हवा तो पुरवठादार पहिला आणता येतो. निकाल लागल्यावर एकेक वजन ०.०५ ने हलवून (बाकीची त्याच प्रमाणात बदलून) पाहा. तेवढ्याने पहिला-दुसरा बदलत असतील तर दोघे बरोबरीतच धरा आणि नमुना मागवा.