फुली गोल होते ती का?

प्रश्न : माझ्या जुन्या जपानी मोटारसायकलच्या इंजिन कव्हरचे स्क्रू काढताना बिट (पेचकसाचे टोक) निसटून स्क्रूच्या डोक्यावरची फुलीची खाच गोल होते. दोष खाऱ्या हवेचा की बिटचा? (एक वाचक, मालवण)

उत्तर : दोन्हींचा, पण बिटचा अधिक. आपले बिट बहुधा फिलिप्स घाटाचे, म्हणजे नेहमीच्या फुलीच्या पेचकसाचे, असावे. जुन्या जपानी गाड्यांवर जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) घाटाची फुली असते, जिच्याशेजारी पुष्कळदा बारीक ठिपका उमटवलेला दिसतो, आणि फिलिप्सचे टोक तिच्यात नीट तळाला टेकत नसल्याने जोर लावताच वर उसळते. जेआयएसचे, बहुधा २ किंवा ३ क्रमांकाचे, बिट घ्यावे. खाचेतला गंज दाभणाने खरवडल्यावर ते मुळीच डुगडुगता कामा नये. स्क्रू धरलाच असेल, तर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल (खोबरेल नव्हे!) सोडून हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा.